आवडते गीतकार मंचावर एकटेच: जागा कुठली घ्यावी, काय ऐकावं, काय टिपावं?

शांतरंग

मंडळी, थोडी मदत हवी आहे. ज्यांची गाणी वीस वर्षं रेकॉर्डवर ऐकत आले, ते गीतकार आता एकट्याने कार्यक्रम करणार आहेत. शब्द त्यांचे, चाली त्यांच्या, गळाही त्यांचाच. साथीला फक्त त्यांची गिटार, दोन-चार गाण्यांना पियानो आणि गळ्यातल्या स्टँडवर अडकवलेला माउथ ऑर्गन. रेकॉर्डवर ड्रम, बास, व्हायोलिन असा सगळा ताफा असतो, त्यामुळे मधली गिटार नीट अशी कधी ऐकूच आली नाही.

शब्द स्पष्ट ऐकू यावेत आणि दोन्ही हात दिसावेत अशी जागा कुठली? पहिल्या रांगेत काही खुर्च्या शिल्लक दिसतायत, त्या घ्याव्यात का? मला गिटारचे साधे कॉर्ड येतात; पट्टी, कापो (मानेवर सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा), ट्यूनिंग हे खुर्चीत बसल्या बसल्या ओळखायची काही रीत आहे का? मोबाइलवर रेकॉर्ड करायचं नाही हे ठरलंय, मग नवी गाणी लक्षात कशी ठेवायची? आणि अशा कार्यक्रमाला कानात प्लग लागतात का?

मिक्सरमागे

जागेचं आधी सांगतो. बाकीचं सगळं नंतर ठरवता येतं, तिकीट बदलता येत नाही.

पहिली रांग नको. मुख्य स्पीकर मंचाच्या दोन्ही बाजूंना, बरेचदा उंचावर टांगलेले असतात आणि त्यांचं तोंड हॉलच्या मध्याकडे असतं. पहिल्या दोन-तीन रांगांच्या डोक्यावरून तो आवाज निघून जातो. तिथे ऐकू येतो तो गायकाच्या पायाशी, त्याला स्वतःला ऐकू यावं म्हणून ठेवलेल्या स्पीकरच्या, म्हणजे मॉनिटरच्या, पाठीचा आवाज. खालचे सूर स्पीकरमधून सगळीकडे पसरतात, वरचे मात्र तोंडाच्या दिशेनेच जातात. मॉनिटरचं तोंड गायकाकडे असल्याने तुमच्या वाट्याला घुमटलेला आवाज येतो आणि स, श, च, त ही व्यंजनं, ज्यांचा जोर साधारण २ ते ८ हजार हर्ट्झमध्ये असतो, तीच हरवतात. शब्दांसाठी जाणाऱ्याचं सगळ्यात मोठं नुकसान तेच. काही हॉलमध्ये पुढच्या रांगांसाठी मंचाच्या कडेवर बुटके स्पीकर ठेवतात. हॉलचे फोटो बघा. ते दिसले तर पुढची जागाही चालेल.

मागे किती जावं याचा हिशोब आहे. कानावर दोन आवाज येतात, एक थेट आणि एक भिंतींवरून घुमून. दोन्ही सारखे होतात त्या अंतराच्या पुढे घुमणारा आवाज वरचढ होत जातो. ३००० घनमीटरचा आणि आवाज विरायला १.२ सेकंद घेणारा हॉल धरला, तर माइकशिवायच्या, सगळ्या दिशांना सारख्या पसरणाऱ्या आवाजासाठी हे अंतर जेमतेम ३ मीटर येतं. आवाज एका दिशेने फेकणाऱ्या चांगल्या स्पीकरसाठी तेच ९ मीटरच्या आसपास जातं. त्याच्या दुप्पट अंतरावर, म्हणजे १८ मीटरवर, घुमणारा आवाज थेट आवाजापेक्षा ६ डेसिबलने वर असतो आणि भरभर म्हटलेल्या ओळींची टोकं एकमेकांत मिसळायला लागतात. रांगांमधलं अंतर सुमारे एक मीटर धरा. सातवी ते बारावी रांग घ्या.

आडवी जागा निवडताना हॉलच्या रुंदीचे तीन भाग करा आणि मधल्या भागात राहा. अगदी मध्यरेषेवर दोन्ही बाजूंचे खालचे सूर एकत्र येऊन जाड होतात, अंगठ्याने वाजवलेले खर्जाचे सूर तिथे शब्दांवर बसतात. एक-दोन खुर्च्या सरकलात की पुरे. फार कडेला गेलात तर जवळच्या स्पीकरचा आवाज आधी येतो आणि गायक मधोमध उभा असताना आवाज भिंतीतून आल्यासारखा वाटतो.

आता हात. उजव्या हाताने वाजवणाऱ्याच्या गिटारची मान प्रेक्षकांच्या उजवीकडे जाते आणि बहुतेक वादक ती किंचित पुढे काढून धरतात. त्यामुळे गिटारचा चेहरा वळतो प्रेक्षकांच्या डावीकडे. डाव्या अंगाला बसलात तर फ्रेटबोर्ड समोर दिसतो आणि तारा छेडणारा हातही जवळ असतो. उजवीकडून मानेची पाठ आणि खुंट्या दिसतील. पियानोलाही डावीच बाजू हवी, कारण झाकण प्रेक्षकांकडे उघडावं म्हणून पियानो असा ठेवतात की वादक डावीकडे बसतो. गीतकार डावखुरे असतील तर गिटारचा हिशोब उलटा होतो, पियानोचा तोच राहतो.

बाल्कनीच्या खालच्या खोल रांगा टाळा. छत जितकं उंच, तितक्याच खोलीपर्यंत आवाज बरा पोचतो, पुढे कोंदट होतो. मिक्सरचं टेबल हॉलमध्येच असेल तर त्याच्या पुढच्या दोन रांगा डोळे मिटून घ्या. आवाज बसवणारा माणूस तिथे जे ऐकतो त्यावरच सगळं ठरवत असतो.

सहा तारा

पट्टीबद्दल मी लिहितो.

रेकॉर्डपेक्षा पट्टी खाली असणं हे अगदी नेहमीचं. वीस वर्षांत गळ्याचे वरचे सूर कमी होतात, म्हणून एक ते तीन अर्धस्वर उतरवून गातात. दुसरं कारण लोक विसरतात: जुन्या टेप रेकॉर्डिंगचा वेग कधी कधी मुद्दाम बदललेला असतो. वेग सुमारे ६ टक्के वाढला की पट्टी एक अर्धस्वर चढते, ३ टक्क्यांना साधारण अर्ध्याचा अर्धा. तुमच्या ट्यूनरवर एखादं जुनं गाणं दोन सुरांच्या मधेच येत असेल तर बरेचदा हेच कारण निघतं. तेव्हा तुलना करताना रेकॉर्डच्या सुराला प्रमाण मानू नका, कॉर्डच्या आकाराला, म्हणजे बोटांच्या मांडणीला, माना.

कापो कुठे आहे ते आधी बघा. लांबून फ्रेट, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, मोजता येत नाहीत, पण मानेवरचे ठिपके दिसतात. बहुतेक गिटारवर ते ३, ५, ७, ९ या घरांत एकेक आणि १२ व्या घरात दोन असतात. कापोने खुंट्यांकडचा पहिला ठिपका झाकलाय, तर कापो ३ वर. पहिला ठिपका कापोला लागूनच पोटाच्या बाजूला दिसतोय, तर २ वर. मधे एक घर मोकळं आहे, तर १ वर. पहिला ठिपका कापोच्या पलीकडे, खुंट्यांच्या बाजूला गेला आणि पुढचा लगेच अलीकडे दिसला, तर ४ वर. काही गिटारींना समोर ठिपकेच नसतात, फक्त मानेच्या कडेला वादकापुरते असतात. तेव्हा कापोपासून पोटाच्या जोडापर्यंत मान किती उरली यावरून अंदाज करायचा. पोट जिथे सुरू होतं ते बहुतेक गिटारींवर १४ वं फ्रेट असतं, काहींवर १२ वं.

मग पहिल्या कॉर्डचा आकार. जी मध्ये बोटं दोन्ही कडांच्या तारांवर फाकलेली असतात आणि मधल्या तारा मोकळ्या. सी म्हणजे तिरका जिना, तीन बोटं तीन घरांत. डी म्हणजे बारीक तीन तारांवरचा छोटा त्रिकोण. ई आणि ए मध्ये बोटं एकमेकांना चिकटून गोळा झालेली. आकार कळला की कापोचं जितकं घर तितके अर्धस्वर चढवा. कापो २ वर जी चा ए होतो आणि सी चा डी. ३ वर सी चा ई फ्लॅट. ४ वर सी चा ई. ५ वर सी चा एफ आणि डी चा जी.

इथे लक्ष देण्यासारखी गोष्ट अशी की गीतकार पट्टी उतरवताना शक्यतो आकार सोडत नाहीत. गाण्याची सगळी नक्षी त्या आकारातल्या मोकळ्या तारांवर बेतलेली असते. कापो ४ वर वाजणारं गाणं कापो २ वर आणलं की दोन अर्धस्वर उतरले आणि बोटं तीच राहिली. पण गाणं मुळातच कापोशिवाय, ई च्या आकारात असेल तर खाली जायला जागाच नाही. मग सगळी गिटार अर्धा किंवा पूर्ण स्वर उतरवून ठेवतात. तारा सैल पडल्या की फ्रेटवर खरखरतात, म्हणून तशा गिटारला १२ ऐवजी १३ नंबरचा जाड सेट लावलेला असतो. स्टँडवर दोन गिटारी दिसल्या तर दुसरी बहुधा याचसाठी किंवा वेगळ्या ट्यूनिंगसाठी असते.

ट्यूनिंग ओळखणं अवघड नाही. डाव्या हाताची बोटं एक-दोनच, तीही साध्या जागी, आणि तरी आवाज भरगच्च येत असेल तर ओपन ट्यूनिंग समजा, म्हणजे मोकळ्या ताराच मिळून एक कॉर्ड वाजवतात. ओपन डी म्हणजे जाड तारेपासून डी-ए-डी-एफ शार्प-ए-डी. ओपन जी म्हणजे डी-जी-डी-जी-बी-डी. डी-ए-डी-जी-ए-डी मध्ये मोकळ्या तारा ना मेजर ना मायनर लागतात, त्यामुळे कॉर्ड अधांतरी वाटतो. हे ट्यूनिंग १९६० च्या दशकात डेव्ही ग्रॅहम या ब्रिटिश वादकामुळे पसरलं. सगळ्यात सोपं ड्रॉप डी: फक्त जाड तार पूर्ण स्वर उतरवायची, डाव्या हाताने एकच खुंटी फिरवलेली दिसते. जोनी मिचेल यांनी लहानपणी पोलिओने डावा हात अशक्त झाल्यामुळे ओपन ट्यूनिंगची वाट धरली आणि त्यातूनच त्यांचे कॉर्ड इतरांपेक्षा वेगळे झाले. तेव्हा विचित्र ट्यूनिंग दिसलं की गाणं त्यावरच रचलेलं असणार, असं समजून ऐका.

दोन गाण्यांच्या मधे सूर जुळवायला वेळ लागला तर ती बेपर्वाई नसते. ताणलेली तार नंतर हळूहळू उतरते, सैल केलेली तार हळूहळू चढते. वर दिव्यांची उष्णता पोलादी तारांना उतरवते. म्हणून ट्यूनिंग बदलल्यावर एकदा जुळवून, तारा ओढून, पुन्हा जुळवावं लागतं. पायाशी ट्यूनर-पेडल असेल तर त्यावर पाय पडताच गिटारचा आवाज बंद होतो, त्यामुळे हे सगळं तुम्हाला ऐकूच येत नाही. गीतकार बोलतात ते बरेचदा याच वेळात. आणि हा त्रास वाचवण्यासाठी एका ट्यूनिंगची गाणी सलग लावतात. ओपन डी चं एक गाणं झालं की पुढचंही त्यातलंच असण्याची शक्यता जास्त. कुठलं असेल ते मनात धरून बसा.

फर्माईश करायचीच असेल तर हे ध्यानात ठेवा. चालू ट्यूनिंगमध्ये न बसणारं गाणं मधेच ओरडून मागितलं तर ते देणं त्यांना खरोखरच शक्य नसतं. चिठ्ठीवर गाण्याचं नाव लिहून कार्यक्रमाआधी रेकॉर्ड विकणाऱ्या टेबलावर द्या.

गिटारचा आवाज रेकॉर्डपेक्षा पातळ आणि टोकदार वाटला तर दचकू नका. रेकॉर्डिंगला गिटारसमोर माइक असतो. मंचावर बहुधा ब्रिजवरच्या हाडाखालची पिझो पट्टी असते, जी तारेचा दाब पकडते, लाकडाचा श्वास पकडत नाही. जोरात छेडलं की तो आवाज 'क्वॅक' करतो. उलट गिटारच्या पोकळीतली हवा साधारण १०० हर्ट्झला घुमते आणि जाड तारेवर तिसऱ्या घरातला जी सूर ९८ हर्ट्झचा असतो. त्यामुळे नेमका तो सूर लागला की स्पीकरचा आवाज पुन्हा गिटारमध्ये शिरतो आणि 'हूं' असा फीडबॅक धरतो. गिटारच्या भोकात काळी रबरी चकती बसवलेली दिसली तर ती यासाठी.

मागची रांग

प्लगचं. एकट्या गिटार-गळ्याच्या कार्यक्रमात बहुतेकदा गरज पडत नाही, पण खिशात असावेत. कामाच्या जागेसाठीचा प्रचलित हिशोब असा: ८५ डेसिबलला ८ तास, त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ९४ ला १ तास आणि १०० ला १५ मिनिटं. कार्यक्रमांच्या जागांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबल ही कमाल मर्यादा सांगितली आहे. स्पीकरच्या अगदी समोर जागा मिळाली तर घाला. फोमचे नकोत, ते वरचे सूर जास्त कापतात आणि शब्द रजईखालून आल्यासारखे होतात. संगीतासाठीचे फिल्टरवाले मिळतात, ते सगळे सूर १२ ते २० डेसिबलने जवळजवळ सारखे उतरवतात. घालताना दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढा, नाहीतर प्लग अर्धाच बसतो आणि त्याचा उपयोग होत नाही.

टाळ्यांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. ठेक्याला धरून टाळ्या वाजवू नका, निदान मागे बसला असाल तर. आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो. ३० मीटर मागे बसलेल्याला ठोका ८७ मिलिसेकंद उशिरा पोचतो, त्याची टाळी मंचावर जायला आणखी तेवढाच वेळ. एकूण उशीर १७० च्या पुढे. मिनिटाला १२० च्या लयीत एका मात्रेचा चौथा भाग १२५ मिलिसेकंदांचा असतो, म्हणजे टाळी त्याहूनही मागे पडते. बँड असता तर ड्रमने लय धरून ठेवली असती. एकटा माणूस दोन लयींत सापडतो: टाळ्यांबरोबर गेला तर गाणं रेंगाळतं, स्वतःच्या लयीत राहिला तर कानावर सतत चुकीचा ठोका येत राहतो. आपल्या आवडत्या माणसाला असा त्रास का द्यायचा? गीतकारांनी स्वतः सांगितलं तर गोष्ट वेगळी.

शेवटचा कॉर्ड संपेपर्यंतही थांबा. मोकळ्या जाड तारा कितीतरी सेकंद वाजत राहतात आणि कधी शेवटचा शब्द त्या विरत्या कॉर्डवर येतो. हात तारांवर सपाट पडला, किंवा पियानोच्या पेडलवरून पाय उचलला, की गाणं संपलं.

मोबाइल न काढण्याचा निर्णय उत्तम. फोनचा माइक आवाज आपोआप वर-खाली करतो: हलक्या ओळीला खोकलाही मोठा करतो, जोराच्या कॉर्डला सगळं दाबतो. घरी ऐकताना आवाज हेलकावतो आणि कार्यक्रमाची आठवणच बिघडते. अप्रकाशित गाणं असेल तर ते बाहेर कधी आणायचं हा हक्कही त्यांचाच.

वहीवाली

शांतरंग ताई, टिपणाचं मी सांगते.

वही तळहातात मावणारी, १०५ बाय १४८ मिलिमीटरची, कोरी, शिवलेली. स्पायरलची नको, शांत गाण्यात पान उलटताना ती करकरते. २बी पेन्सिल, कारण ती न दाबता उमटते आणि खटका वाजत नाही. दोन जवळ ठेवा. अंधारात न बघता लिहायचं असतं, त्यासाठी डाव्या हाताचा अंगठा पानाच्या कडेला चालू ओळीवर ठेवायचा आणि प्रत्येक गाण्यानंतर बोटभर खाली सरकवायचा. एवढं केलं की ओळीवर ओळ चढत नाही. एका पानावर सात-आठ गाणी, त्यापेक्षा जास्त कोंबू नका.

एका गाण्याला एक ओळ, तीही खुणांची. असं काहीतरी: «६ नदी. क३ सी. कडवं २ गाळलं. 'उद्या' ऐवजी 'काल'.» म्हणजे सहावं गाणं, ओळखीचा एक शब्द, कापो ३ वर सी चा आकार, आणि काय बदललं ते. बदललेला शब्द तेव्हाच लिहा. ओळखीच्या गाण्यात जुना शब्द इतका पक्का असतो की दहा मिनिटांत तोच नव्याच्या जागी बसतो आणि आपल्याला ते कळतही नाही.

नव्या गाण्याचे शब्द उतरवून घ्यायचा मोह टाळा. चार मात्रांच्या तालात १६ आवर्तनांचं कडवं मिनिटाला १०० च्या लयीत ३८ सेकंदांत संपतं. तेवढ्यात अंधारात पंधराएक शब्द लिहून होतात, कडव्यात असतात तीस-चाळीस, आणि लिहिताना पुढच्या दोन ओळी कानावरून जातात. चारच गोष्टी पकडा: ध्रुवपदाची शेवटची ओळ, सुरुवातीचं चित्र, रचना आणि जिथे कॉर्डने अनपेक्षित वळण घेतलं तो शब्द. रचनेसाठी क, ध, म ही अक्षरं पुरतात. «क क ध क ध म ध» म्हणजे दोन कडवी, ध्रुवपद, कडवं, ध्रुवपद, मधला वेगळा भाग, ध्रुवपद. पहिलं कडवं नुसतं ऐका, दुसऱ्या कडव्यापासून पेन्सिल उचला. चाल लक्षात ठेवायची तर ध्रुवपदाची एकच ओळ गाणं संपताच मनात तीनदा म्हणा, टाळ्या चालू असतानाच, कारण पुढचं गाणं सुरू झालं की ती पुसली जाते. बाहेर पडल्यावर अर्ध्या तासाच्या आत वही समोर धरून फोनमध्ये स्वतःच्या आवाजात सगळं बोलून ठेवा आणि त्या ओळीही गुणगुणा. दुसऱ्या दिवशी निम्म्या खुणांचा अर्थ लागत नाही.

तयारीला एक आठवडा पुरे. या आठवड्यात रेकॉर्ड लावू नका. त्याऐवजी गाण्यांचे शब्द कागदावरून, चाल न लावता, मोठ्याने वाचा. एकटा गाणारा माणूस ड्रमला बांधलेला नसतो: एका ओळीवर थांबतो, दुसरी घाईत म्हणतो, आघात हलवतो. रेकॉर्डची लय कानात घट्ट असली की तो बदल चुकल्यासारखा वाटतो. शब्द पाठ असले की त्याचं कारण कळतं. आणखी एक, व्हायोलिनच्या सुरावटीवरून गाणं ओळखायची सवय असेल तर ती सुरावट इथे नसणार. प्रत्येक गाण्याचे पहिले चार कॉर्ड पाठ करून जा.

सही घ्यायची असेल तर रेकॉर्डच्या गुळगुळीत कव्हरवर साधं पेन चालत नाही. स्पिरिटचा पर्मनंट मार्कर न्या, गडद कव्हरला चंदेरी पेंट मार्कर. पेंट मार्कर आधी घरी हलवून, टोक दाबून शाई उतरवून ठेवा, नाहीतर तिथे कोराच ओढतो. सही झाली की पाच मिनिटं कव्हर उघडं धरा, लगेच पिशवीत सरकवलं तर शाई पसरते. प्रश्न एकच विचारा आणि नेमका विचारा. «मधल्या भागातला तो कॉर्ड आधी सुचला की शब्द?» याचं उत्तर मिळतं.

शांतरंग

सगळ्यांचे मनापासून आभार. आज बघितलं तर मधल्या रांगा गेल्या. आता पाचव्या रांगेत अगदी डावं टोक, नाहीतर बाल्कनीची पहिली रांग मधोमध, एवढेच पर्याय उरलेत. हातांसाठी डावी बाजू म्हणालात, मग पाचवी घेऊ का? आणि माउथ ऑर्गनवरून पट्टी कळते का?

मिक्सरमागे

बाल्कनी घ्या. डावी बाजू म्हणजे मधल्या भागातली डावी, टोक नव्हे. स्पीकर साधारण ९० अंशांत आवाज फेकतो, म्हणजे मधल्या दिशेपासून दोन्हीकडे ४५. टोकाची पुढची खुर्ची या कोनाच्या बाहेर पडते आणि व्यंजनं पुन्हा हरवतात. शिवाय तिथून माइकचा स्टँड नेमका चेहऱ्यावर किंवा हातावर येतो. बाल्कनीच्या पहिल्या रांगेत मधे काही अडथळा नसतो, स्पीकर टांगलेले असतील तर त्यांचा वरचा भाग तिकडेच वळवलेला असतो. कठडा डोळ्यांच्या रेषेत येतो का तेवढं तिकीट घेण्याआधी विचारा.

हातांसाठी दुर्बीण न्या, ८ बाय ३२ ची, म्हणजे ८ पट मोठं दाखवणारी, ३२ मिलिमीटरच्या भिंगाची. २० मीटरवरचा हात अडीच मीटरवर आल्यासारखा दिसतो आणि ४ मिलिमीटर रुंद प्रकाशाची तिरीप डोळ्यात येते, मंचाच्या उजेडाला ती पुरते. १० पटींच्या पुढची घेतलीत तर हाताच्या कंपाने ठिपके मोजता येणार नाहीत. कोपर कठड्यावर टेकवा, पण दुर्बीण कठड्यावर ठेवू नका. खाली माणसं बसलेली असतात, म्हणून पट्टा गळ्यातच राहू द्या.

सहा तारा

माउथ ऑर्गनवरून कळतं, आणि कापोपेक्षा खात्रीने. दहा भोकांचा प्रत्येक ऑर्गन एकाच पट्टीचा असतो, म्हणून गाण्यागणिक बदलावा लागतो. अक्षर वरच्या पत्र्यावर किंवा कडेला कोरलेलं असतं. दुर्बिणीतून ते स्टँडवर दिसणं कठीण, पण टेबलावर मांडलेल्या ओळीतून कितवा उचलला ते बघा, ओळ बहुधा कार्यक्रमाच्या क्रमाने लावलेली असते. स्टँडवर वाजवणारे बहुतेक वेळा सरळ पट्टीत वाजवतात, फुंकर जास्त आणि ओढ कमी, तेव्हा ऑर्गनची पट्टी तीच गाण्याची. आवाज ओढून, सूर वाकवून, रडका लागत असेल तर ती दुसरी पद्धत. त्यात सी चा ऑर्गन जी च्या गाण्याला चालतो.

गंमत वाटेल अशी खूण म्हणजे पट्टी उतरवली की ऑर्गनही बदलावा लागतो आणि खालच्या पट्टीचा ऑर्गन जरा जाड, सावकाश बोलतो. जी चा ऑर्गन या नेहमीच्या संचात सगळ्यात खालचा, त्यानंतर ए, सी, डी असे चढत एफ पर्यंत. रेकॉर्डवर ऑर्गन टोकदार आहे आणि इथे तोच तुकडा खोल वाटतोय, तर कापो बघण्याआधीच वहीत «पट्टी खाली» लिहून टाका.